ढगाळ रात्रीचे गुण : भौतिकशास्त्र अभ्यासमंडळांस खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र अभ्यासमंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सभासद यांस,



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाविद्यालयांतून वैकल्पिक विषयांची जी नवी मांडणी झाली, तीत खगोलशास्त्राची प्राथमिक ओळख आणि तिच्या जोडीला प्रात्यक्षिकांचा एक लहानसा अभ्यासक्रम यांना ठिकठिकाणी स्थान मिळाले, ही गोष्ट ज्याच्या नोकरीची बहुतेक वर्षे या विषयाच्या प्रयोगशाळेत आणि तिच्या डोक्यावरच्या गच्चीत गेली त्या माझ्यासारख्या शिक्षकास समाधानाची वाटावी यात नवल नाही. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी चंद्राच्या कलांची नोंद ठेवीत आहे आणि इतिहासाचा विद्यार्थी पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलेल्या सूर्यबिंबातील डाग पेन्सिलीने टिपीत आहे, ही कल्पना काही काळापूर्वी कोणी मांडली असती तर वेळापत्रकाच्या सबबीवरच ती निकालात निघाली असती. आज ती मंजूर झाली आहे. तेव्हा हे पत्र तक्रारअर्ज म्हणून वाचले जाऊ नये, एवढी प्रारंभीच विनंती करतो.

अशा अभ्यासक्रमांचे जे मसुदे माझ्या वाचनात आले त्यांत प्रयोगांची नावे आहेत, संदर्भग्रंथांची यादी आहे, दोन श्रेयांक, साठ तास आणि पन्नास गुण असा हिशेबही आहे. मात्र विद्यार्थ्याकडून नेमकी कोणती अपेक्षा आहे, त्याने वहीत काय लिहावे आणि काय लिहू नये, आकाश झाकलेले राहिले तर काय करावे, आणि ते पन्नास गुण कशाकशाचे, या प्रश्नांवर एखाद्या ओळीपलीकडे मजकूर नाही. ‘अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाने करावे’ अशा आशयाचे एक कलम असते, आणि जे लिहिलेले नसते ते शिरस्त्याने भरून निघते हा आपल्याकडील सर्व दफ्तरांचा अनुभव येथेही येतो. खगोलशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा जुना शिरस्ता आपोआप लागू होतो, आणि तो या विषयाला मानवत नाही, हेच मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

तो शिरस्ता आपणांस माझ्याहून अधिक परिचित आहे. दोऱ्याला टांगलेला गोळा, त्याच्या आंदोलनांचा काल, त्यावरून गुरुत्वीय त्वरण. अथवा लोलक, वर्णपटमापक आणि वक्रीभवनांक. वर्षाच्या अखेरीस डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीच्या आकृत्या आणि उजव्या रेघी पानावर ‘उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष’ अशा ठरीव मथळ्यांखाली सुवाच्य अक्षर असलेले जर्नल सादर होते. अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगापुढे सही पडते. जर्नल सर्टिफाय झाले की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग एक्स्टर्नल येतात, व्हायवा घेतात आणि चहा घेऊन जातात. त्या शिरस्त्याची एक अलिखित बाजूही आहे, आणि आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत ती पाहिलेली आहे. त्वरण ९.८ यावयास हवे हे विद्यार्थ्यास आधीच ठाऊक असते. ते ज्याचे येत नाही तो उत्तरावरून उलटे गणित करीत आंदोलनकालापर्यंत येतो आणि मग ते रीडिंग स्वच्छ अक्षरात मांडतो. वरच्या वर्गातल्या कोणाचे तरी जर्नल त्यासाठी वर्षानुवर्षे हातोहात फिरत असते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत या प्रकाराने फार मोठे नुकसान होते असे मी म्हणणार नाही, कारण तेथे उपकरण टेबलावर स्थिर बसलेले असते, प्रयोग उद्या पुन्हा करता येतो, आणि ज्ञात मूल्याशी तुलना करणे ही उपकरणाची व हाताची परीक्षा घेण्याची वाजवी रीत असते. आकाशाची गोष्ट वेगळी. तेथे उपकरण बहुधा क्षुल्लक, वस्तू हाताबाहेरची, आणि काल रात्री दहा वाजता जे दिसले ते आज रात्री दहा वाजता त्याच जागी नसते.

एक प्रयोग जवळून पाहू. ध्रुवताऱ्याच्या उन्नतांशावरून आपल्या गावाचा अक्षांश काढणे हा या अभ्यासक्रमातील बहुधा पहिलाच प्रयोग असतो आणि त्याला लागणारे साहित्य दहा-वीस रुपयांत येते : कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटविलेली शीतपेयाची नळी, आणि मध्यबिंदूतून सोडलेला दोरा व त्याच्या टोकाला एखादा नट, म्हणजेच ओळंबा. नळीतून ध्रुव पाहावयाचा आणि सोबत्याने दोरा कोनमापकाला कोठे छेदतो ते वाचावयाचे. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश. तारा स्वतः उत्तर ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून किंचित अधिक अंतरावर असतो, पण या साहित्याची कुवत पाहता तो फरक सोडून द्यावा लागतो. हात थरथरतो, दोरा वाऱ्याने हलतो, आणि साडेअठरा अंशांवरचा हा दुय्यम तेजाचा तारा शहराच्या धुरकट उजेडात क्षितिजाजवळ कसाबसा दिसतो. दोन अंश इकडेतिकडे झाले तर विद्यार्थ्याने उत्तम काम केले असे मी समजतो.

आता दोन वह्या डोळ्यांपुढे आणाव्यात. पहिलीत पाच निरीक्षणे आहेत : १८.५, १८.६, १८.५, १८.४, १८.६, सरासरी १८.५२, चूक शून्य टक्के. आकृती पट्टीने काढलेली, मथळे लाल शाईने अधोरेखित. दुसरीत १७, २१, १९, २२, १८ असे आकडे असून त्यांतला २२ आधी २३ लिहून खोडलेला आहे, सरासरी १९.४, चूक पावणेपाच टक्के, बाजूला तारीख, वेळ, ‘वसतिगृहाची गच्ची, उत्तरेला पाण्याच्या टाकीचा दिवा चालू’ असा शेरा आणि शेवटी ‘उत्तर १९ अंश, दोन अंशांचा फरक संभवतो’ असे वाक्य. शिरस्त्याप्रमाणे पहिल्या वहीला दहापैकी नऊ आणि दुसरीला सहा मिळतात. वस्तुतः ज्या कोनमापकावर एकेका अंशाच्या रेघा आहेत आणि ज्याचा दोरा वाऱ्यावर झुलत आहे, त्यावरून दशमांश अंश पाच वेळा वाचता येणे अशक्य आहे. पहिल्या विद्यार्थ्याने गच्चीचा जिना चढल्याचा एकही दाखला त्या पानावर नाही. दुसरीचे उत्तर तिने स्वतः सांगितलेल्या मर्यादेत खऱ्या अक्षांशाला सामावून घेते आणि ती मर्यादा तिने कोणाला न विचारता आपल्या आकड्यांच्या विखुरण्यावरून ठरविली आहे. मोजमापाचे जे शिक्षण हा अभ्यासक्रम देऊ पाहतो, ते तिच्या पदरी पडले, आणि आपली गुणपद्धती तिला त्याबद्दल दंड करते.

तिसरी वही याहून उद्बोधक असते. तीत उत्तर अठ्ठावीस अंश येते. शिरस्ता सांगतो : उत्तर चूक, गुण दोन, प्रयोग पुन्हा करा. पण जर त्या पानावर एप्रिलअखेरची तारीख, रात्रीचे दहा ही वेळ आणि आसपासच्या ताऱ्यांचे ओबडधोबड का होईना रेखाटन असेल, आणि त्या रेखाटनात मुख्य तारा किंचित नारिंगी असून शेजारी एक जोडीदार दाखविलेला असेल, तर अनुभवी शिक्षक क्षणात ओळखतो की विद्यार्थ्याने ध्रुवाऐवजी ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचा कोचाब मोजला. त्याचे तेज ध्रुवाइतकेच असते आणि त्या सुमारास तो ध्रुवाच्या उजव्या अंगाला, बराच वर चढलेला असतो. म्हणजे मोजणी बिनचूक होती, तारा चुकला. या विद्यार्थ्याला गुण मिळावेत की नाहीत, याविषयी शिक्षकांत मतभेद होऊ शकेल. माझ्या मते भरपूर मिळावेत, आणि ‘आपण कोणता तारा पाहिला असावा?’ एवढाच शेरा लिहून वही परत करावी. वेळ आणि रेखाटन नसते तर या चुकीचा उलगडा कोणालाच झाला नसता. याकरिताच तारीख, वेळ, स्थळ आणि आकाशाची स्थिती यांना मी शोभेच्या नोंदी मानीत नाही. त्या नसतील तर निरीक्षण झालेच नाही असे समजण्यास हरकत नसावी.

बरोबर उत्तरास गुण देण्याचा आग्रह या शास्त्रात आणखी एका कारणाने विचित्र ठरतो. दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट देऊन त्यांच्या वेगाचा आणि अंतराचा आलेख काढावयाचा व त्याच्या चढावरून विश्वाच्या प्रसरणाचा दर ठरवावयाचा, हा अनेक ठिकाणी नेमलेला प्रयोग घ्या. १९२९ साली स्वतः एडविन हबल याने हा आलेख काढला तेव्हा त्याचा आकडा दर दश लक्ष पार्सेकला सेकंदास सुमारे ५०० किलोमीटर असा आला. आज तोच आकडा ७० च्या आसपास मानला जातो. रूपविकारी ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत हे त्या वेळी उमगलेले नव्हते आणि त्यामुळे अंतरे फार तोकडी धरली गेली होती. आपल्या गुणतक्त्याने हबलला सहाशे टक्क्यांहून अधिक चुकीबद्दल नापास केले असते. आणि आजचा तरी बरोबर आकडा कोणता? विश्वाच्या आरंभकालीन सूक्ष्मतरंग प्रारणावरून काढला तर तो ६७ च्या जवळ येतो, रूपविकारी तारे आणि अतिनवतारे यांवरून काढला तर ७३ च्या जवळ, आणि हा वाद जगातले मोठमोठे खगोलविद अद्याप मिटवू शकलेले नाहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात ठरलेले नाही त्यावर प्रथम वर्षाच्या मुलाचे दोन गुण कापण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

त्यात भर म्हणजे बरोबर उत्तर आता प्रत्येकाच्या खिशात असते. स्टेलॅरियमसारखी विनामूल्य संगणकप्रणाली मोबाइलवर उघडली की आपल्या गावातून या क्षणी ध्रुव किती अंश, किती कला उंचीवर आहे ते हातातल्या पडद्यावर उमटते. त्यासाठी वरच्या वर्गातल्या कोणाचे जर्नल मागण्याचे कष्टही आता उरले नाहीत. जी गोष्ट फुकट आणि बिनचूक मिळते तिला गुण ठेवणे म्हणजे नकलेला उघड आमंत्रण देणे होय. मी त्या प्रणालीच्या विरोधात नाही. ढगांच्या दिवसांत आकाशाची ओळख करून देण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. परंतु तिने एक काम नकळत केले आहे : उत्तराची किंमत शून्यावर आणून, निरीक्षणाची किंमत ठरविण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे.

ढगांचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा विस्ताराने मांडतो, कारण या राज्यात खगोलशास्त्राचे प्रात्यक्षिक नेमताना पंचांग आणि पर्जन्यमान या दोहोंकडे पाहावे लागते आणि मसुदे तयार करताना ते पाहिले गेल्याचे मला तरी जाणवले नाही. विषम सत्र जून-जुलैत सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे संपते. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्यांतले निम्म्याहून अधिक आठवडे आकाशच दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा सबमिशनची तारीख तोंडावर आलेली असते. अशा सत्रात ‘आठ रात्री-निरीक्षणे आवश्यक’ ही अट घातली की तिची पूर्तता कागदावरच होणार, याविषयी शंका नको. मुले खोटी म्हणून खोटे लिहीत नाहीत, अट पुरी करण्याचा तोच एक मार्ग शिल्लक राहतो म्हणून लिहितात. याला दोन उपाय आहेत. पहिला अगदी साधा : हा अभ्यासक्रम सम सत्रातच ठेवावा. डिसेंबर ते मार्च या काळात मृग, कृत्तिका, व्याध आणि अगस्त्य यांनी संध्याकाळचे आकाश असे भरलेले असते की निराळ्या प्रोत्साहनाची गरज भासू नये. दुसरा उपाय असा की ढगाळ रात्रीची नोंद हीही नोंदच मानावी. ‘सायंकाळी साडेसातला गच्चीवर गेलो, पश्चिमेस शुक्र दोन मिनिटे दिसला, मग झाकला, आठ वाजेपर्यंत थांबलो, उत्तरेकडे एकही तारा नाही’ हे वाक्य तारीखवार लिहिणाऱ्याला त्या रात्रीचे गुण मिळालेच पाहिजेत.

याबाबतीत परदेशातील एका तपशिलाने मला फार वर्षांपूर्वी चकित केले होते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग महाविद्यालयाने गेल्या शतकाच्या अखेरीस खगोलशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी एक संगणकीय प्रयोगमाला तयार केली, तीत गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांची जागा दर रात्री मोजून त्यांचे परिभ्रमणकाल काढण्याचा एक प्रयोग आहे. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो पावणेसतरा दिवस घेतो, आणि त्या कालांवरून व अंतरांवरून गुरूचे वस्तुमान निघते. सगळा खेळ संगणकाच्या पडद्यावरचा, तरीही त्याच्या रचनाकारांनी त्यात मधूनमधून ढगाळ रात्री घातल्या आहेत! विद्यार्थी पुढची रात्र मागतो आणि पडदा सांगतो की आज आकाश झाकलेले आहे. मग त्याने ते रकान्यात लिहावे, आलेखात तेथे जागा मोकळी सोडावी आणि उरलेल्या बिंदूंतून वक्र काढावा. आमच्याकडे खरे ढग असूनही वहीत एकही ढग सापडत नाही.

अमेरिकेचा उल्लेख केला म्हणून सांगतो, तेथे हा अभ्यासक्रम विज्ञानाव्यतिरिक्त शाखांचे विद्यार्थी दरवर्षी लाखांच्या संख्येने घेतात आणि पहिल्याच तासाला अपेक्षांचा छापील कागद त्यांच्या हाती पडण्याचा प्रघात आहे : हजेरीचा नियम, उशिरा दिलेल्या वहीची वजावट, सोबत्याबरोबर काय करावे आणि काय एकट्याने करावे, आकाश ढगाळ असल्यास पर्यायी प्रयोग कोणता. मी त्या पद्धतीचा आंधळा भक्त नव्हे. अर्ध्या अर्ध्या गुणावर हुज्जत घालणारा विद्यार्थी आणि नियमपुस्तिका पुढे करणारा शिक्षक हे तिचेच अपत्य होय. पण पहिल्या दिवशीचा तो कागद मात्र आपण अवश्य उचलावा. विशेषतः सोबत्यासंबंधीचे कलम. या प्रयोगांत एकजण नळीतून पाहतो आणि दुसरा दोरा वाचतो, तेव्हा दोघांचे आकडे तेच असणार. ती नक्कल नव्हे. सरासरी, फरकाची मर्यादा आणि निष्कर्षाचे वाक्य ही मात्र ज्याची त्याने करावीत, आणि तीही तंतोतंत तीच आढळली तर मग ती नक्कल ठरावी. ही रेषा आखून न दिल्यामुळे निरपराध विद्यार्थी दबकत वावरतात, आणि ज्यांनी खरोखर नक्कल केली त्यांना ‘आम्ही एका बॅचचे’ ही कैफियत आयती मिळते.

आता गुणांच्या वाटणीची तजवीज. पन्नासांपैकी वीस गुण कच्च्या वहीला असावेत. कच्च्या वहीला, फेअर जर्नलला नव्हे. ती शाईने, जागच्या जागी, खोडलेले वाचता येईल अशी एकच रेघ मारून लिहिलेली असावी, आणि घरी जाऊन उतरवून काढण्यास सक्त मनाई असावी. पंधरा गुण गणिताला व त्याहूनही अधिक, फरकाच्या मर्यादेच्या कारणमीमांसेला. दहा गुण तोंडी परीक्षेचे, पण ती शक्यतो आकाशाखाली व्हावी : पाच तारे दाखवा, चंद्र आज कोणत्या बाजूने उजळला आहे आणि का ते सांगा, पुढील आठवड्यात याच वेळी तो कोठे असेल ते बोटाने दाखवा. उरलेले पाच एका दीर्घ निरीक्षणाला, ज्याविषयी पुढे लिहितो. अक्षर, आकृतीची रंगरंगोटी आणि ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली पुस्तकातून उतरविलेला उतारा यांना एकही गुण असू नये. एक्स्टर्नलांनी फेअर जर्नलची अनुक्रमणिका चाळण्याऐवजी कच्ची वही कोणत्याही पानावर उघडावी आणि ‘या रात्री काय झाले ते सांगा’ असे विचारावे. जो गच्चीवर गेला होता तो बोलू लागतो आणि जो गेला नव्हता तो सिद्धान्त सांगू लागतो, हा फरक ओळखण्यास परीक्षकाला पाच मिनिटे पुरतात.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. उत्तराला गुण नसतील तर सर्वांनाच सारखे गुण पडतील, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. आज अंतर्गत गुणांचा तक्ता पाहिला तर वीसपैकी सतरा, अठरा, एकोणीस यांपलीकडे आकडा क्वचित आढळतो, कारण सर्वांची फेअर जर्नले एकाच मूळ प्रतीवरून आलेली असतात आणि त्यांत भेद करण्यास शिक्षकापाशी कारणच नसते. कच्च्या वह्या एकमेकींसारख्या कधीच नसतात. त्या तपासण्यास वेळ अधिक लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे की प्रयोगांची संख्या कमी करावी. साठ तासांत बारा प्रयोग उरकण्यापेक्षा सहा नीट करवून घेणे बरे.

रात्रीच्या उपस्थितीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराच्या आकाशदर्शनाला जाणे हा मुंबईच्या हौशी मंडळींचा जुना आनंद आहे आणि पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने तर १९४४ पासून हौशी निरीक्षकांच्या पिढ्या घडविल्या आहेत. तरी अशा सहलीला गुण जोडणे मला अन्यायाचे वाटते. ज्या मुलीला वसतिगृहात रात्री आठच्या आत परतावे लागते, ज्या मुलाची शेवटची एसटी साडेसातला सुटते, अथवा जो संध्याकाळी दुकानात कामाला जातो, त्यांची गैरहजेरी आळसाची नसते. त्यांच्यासाठी दिवसा करावयाचे प्रयोग समान दर्जाचे मानले जावेत. सूर्य कोणालाही नऊ ते पाच या वेळेत उपलब्ध असतो. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळ्याने कदापि पाहावयाचे नाही ही ताकीद पहिल्या पानावर ठळक छापून, बिंब पुठ्ठ्यावर घ्यावे आणि डागांची जागा रोज टिपावी. डाग दिवसाला सुमारे तेरा अंश सरकतो. रविवारी महाविद्यालय बंद, सोमवारी ढग, तरी दहा दिवसांत चार-पाच बिंदू मिळतात आणि त्यांवरून पृथ्वीवरून भासणारा सूर्याचा सत्तावीस दिवसांचा फेरा बऱ्यापैकी निघतो. तसेच अंगणात रोवलेल्या काठीची मध्यान्हीची सावली : डिसेंबरात ती उत्तरेकडे लांब पडते, मग आखडत जाते, आणि मेच्या मध्यास पुण्या-मुंबईकडे एका दुपारी नाहीशी होते. दर आठवड्याला एकदा ती मोजणे हेच मी वर म्हटलेले दीर्घ निरीक्षण. त्याला दुर्बीण लागत नाही, रात्र लागत नाही, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला शालान्त परीक्षेतल्या त्रिकोणमितीपलीकडे गणितही लागत नाही.

हे सर्व शिक्षकाच्या विवेकावर सोडता येणार नाही काय, असे आपण विचाराल. सोडता येईल, आणि चांगला शिक्षक आजही ते करीतच असतो. पण अशा सोडलेल्या गोष्टींचे पुढे काय होते त्याचा दाखला पुण्यातच आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचा कारभार प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पाहिला, आणि वीस इंची परावर्तक दुर्बीण तेथे आली. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेण्यास त्यांनी जेऊर येथे तळ ठोकला. १९१२ साली नेगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद होऊन तिची साधने कोडाईकनालला रवाना झाली. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे असलेले काम त्या व्यक्तीबरोबर निवृत्त होते. नियमपुस्तिकेत लिहिलेले कलम, कितीही रूक्ष असले तरी, बदलीनंतर आलेल्या नव्या अध्यापकालाही बांधून ठेवते. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात कच्च्या वहीची पद्धत काही वर्षे उत्तम चालली, ती चालविणारे गृहस्थ निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी तेथे लाल शाईचे मथळे परत आले.

एक किरकोळ दिसणारी बाब राहिली. रात्री साडेसात ते दहा गच्चीवर उभा राहणारा अध्यापक आणि दुर्बीण उचलून वर नेणारा, ती पुसून पुन्हा कपाटात ठेवणारा प्रयोगशाळा परिचर यांचे ते तास आजच्या कार्यभाराच्या तक्त्यात बहुधा कोठेच धरले जात नाहीत. तो तक्ता सायंकाळी साडेपाचला संपतो. परिणामी रात्रीचे प्रात्यक्षिक दुपारी तीनच्या बॅचमध्ये, बंद खोलीत, पंखा लावून उरकले जाते आणि हजेरीपटावर ‘आकाशनिरीक्षण’ अशी नोंद होते. नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यात गुणांच्या कलमाशेजारीच या तासांना मान्यता देणारे एक कलम घालावे, परिचराच्या रात्रीच्या कामाबद्दल रजेची अथवा मोबदल्याची तरतूद करावी, आणि हा मसुदा सम सत्राच्या आत विद्यापरिषदेकडे रवाना व्हावा, एवढी विनंती करून हे पत्र पुरे करतो.



आपला नम्र,
खगोलशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक शिक्षक